जोडीचा शब्द

वॉशिंग्टन, ३ नोव्हेंबर

रॉयस,

तुझ्या नावाआधी ‘प्रिय’ लिहायला गेले आणि पेन अडलं. चार वर्षांत सवय मोडली. तेव्हा नुसत्या नावावर समाधान मान.

तुझा निरोप पोचला. सिनेटच्या एकाच दालनात, मधली वाट सोडली तर माझ्या जवळजवळ शेजारी बसूनही ज्याने चार वर्षं माझ्याकडे मान वळवली नाही, त्याने आपल्या कचेरीतल्या ड्वेनला माझ्याकडे पाठवावं, आणि तेही मी जेवणघरात बीनचं सूप पीत असताना! बिचारा टेबलाशी वाकून कुजबुजत होता. लोकांना वाटलं असेल, पोराला नोकरी हवी आहे.

तो म्हणाला, साहेबांच्या पाठीचं ऑपरेशन नेमकं अर्थसंकल्पाच्या मतदानादिवशी ठरलंय. साहेब हॉस्पिटलात असतील. तर सिनेटर हाउग्रुड यांनी, म्हणजे मी, साहेबांशी जोडी बांधावी, अशी विनंती आहे.

जोडी! हा शब्द या इमारतीत आता कुणाला आठवतो? ड्वेनला तर त्याचा अर्थही धड ठाऊक नव्हता. मीच त्याला समजावला. म्हटलं, बाळा, एक सदस्य काही अडचणीने येऊ शकत नसेल, तर विरुद्ध बाजूचा एक सदस्य त्याच्यासाठी आपलं मत टाकायचं थांबतो. इकडचं एक गेलं, तिकडचं एक गेलं, तराजू होता तसाच राहतो. कुठे सही नसते, शिक्का नसतो. नुसता तोंडचा शब्द असतो. आणि तो शब्द मोडणारा माणूस मी आजवर एकच पाहिला, तुझा साहेब.

ड्वेनचे कान लाल झाले. माझं सूप गार झालं.

रॉयस, तुझी पाठ वीस वर्षं दुखतेय. माझ्या आर्डेनबरोबर बदकांच्या शिकारीला यायचास तेव्हाही वाकताना कण्हायचास. आणि ऑपरेशनला मुहूर्त सापडला तो नेमका या मतदानाचा. वा!

मी न शिकलेली बाई नाही. जोडी बांधायची तर दोघं विरुद्ध बाजूंचे हवेत. मी या तडजोडीच्या विधेयकाच्या विरोधात आहे हे जगजाहीर आहे. म्हणजे तू बाजूने आहेस. पण काल संध्याकाळीच तू टीव्हीवर बाह्या सरसावून सांगत होतास, की या खर्चिक विधेयकाला मत देण्यापेक्षा तू हात तोडून घेशील. तुझ्या राज्यातल्या लोकांनी टाळ्याही वाजवल्या. मग खरा रॉयस टिलरी कोणता? ड्वेनच्या तोंडून मला उत्तर नको. स्वतः येऊन सांग.

मार्लिस


वॉशिंग्टन, ६ नोव्हेंबर

रॉयस,

आलास, हे बरं केलंस. मिठाईच्या बाकाशी भेटलास तेही बरं. त्या बाकाच्या खणात आजही गोळ्या ठेवतात आणि तू आजही दोन खिशात टाकतोस. माणूस बदलत नाही.

आपण काय बोललो ते लिहून काढते, म्हणजे नंतर तुला विसर पडायला नको. फोनवर मी बोलणार नाही. या शहरात फोनवर बोललेलं संध्याकाळपर्यंत चावडीवर येतं.

मी विचारलं, तू बाजूने आहेस का. तू आधी छताकडे पाहिलंस, मग म्हणालास, “मार्लिस, कार्व्हर्स बेंडची भिंत या विधेयकात आहे. गेल्या वसंतात नदी शाळेच्या पायऱ्यांपर्यंत आली होती. हे पास झालं नाही तर येत्या वसंतात गाव जाईल.”

मी म्हटलं, मग ये आणि मत दे.

“दिलं तर मी जाईन. तो ट्रक विकणारा पोरगा माझ्याविरुद्ध उभा राहतोय, ठाऊक आहे ना? आमच्याच पक्षाचा, माझी उमेदवारी हिसकायला निघालाय. तडजोड हा शब्द उच्चारला तरी आमच्याकडे मतं जातात.”

“म्हणजे भिंतही हवी आणि भिंतीला विरोध केल्याचं नावही हवं.”

तू हसलास. तुझं ते जुनं हसू, ज्याने आर्डेन नेहमी विरघळायचा. मग म्हणालास, “तू त्या दुपारी नुसती घरी रहा. सर्दी झाली म्हण. दोघंही नसलो की मतं सारखी पडतात आणि उपराष्ट्राध्यक्ष आपलं मत बाजूने टाकतात. कुणाला कळणारही नाही. तुझ्याकडे मागतोय, कारण तू दिलेला शब्द मोडत नाहीस.”

हे तू मला म्हणालास! तोंड वर करून! मला त्या क्षणी तुझ्या खिशातल्या गोळ्या काढून घ्याव्याशा वाटल्या.

आता माझी किंमत ऐक. वॉलबर्गचा डायलिसिसचा दवाखाना. चार वर्षांपूर्वी तुझ्या एका मताने बंद पडला तो. तेव्हापासून माझ्या गावची म्हातारीकोतारी माणसं आठवड्यातून तीनदा बर्फावरून दोन तास गाडी हाकत दुसऱ्या गावी जातात, रक्त धुऊन घेतात आणि पुन्हा दोन तास परत येतात. या विधेयकात आमच्याकडच्या दवाखान्यांना एक पैसा नाही, म्हणूनच मी विरोधात आहे. सगळे दवाखाने मी मागत नाही, तेवढं तुझ्या हातात नाही. वॉलबर्गचा तेवढा घाल. मसुदा करणाऱ्या समितीचा तू अध्यक्ष आहेस. ते पद तुला कशाच्या बदल्यात मिळालं हे मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे.

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात. तुझं नाक सध्या माझ्या चिमटीत आहे.

मार्लिस


वॉशिंग्टन, ११ नोव्हेंबर

रॉयस,

नवा मसुदा वाचला. पार शेवटी, पशुरोगांच्या तरतुदीखाली, वॉलबर्गचं नाव आहे. एरवी सहा महिने चालणारं काम तू चार दिवसांत केलंस. म्हणजे मनात आलं असतं तर केव्हाही करता आलं असतं. हे कळून मला आनंद व्हायला हवा होता. मी कचेरीचं दार लावून घेतलं आणि रडले, रागाने.

आज आमच्या पक्षाच्या नेत्यांनी मला बोलावलं होतं. त्यांना तुझ्या ऑपरेशनचा वास लागलाय. तू नसशील आणि मी विरोधात मत टाकलं, तर विधेयक एका मताने पडतं. ते म्हणाले, मार्लिस, देवाने ताटात वाढलंय. चार वर्षांपूर्वी त्याने जे केलं तेच त्याच्याशी कर. सगळे तुझी पाठ थोपटतील.

खोटं कशाला बोलू, तोंडाला पाणी सुटलं. चार वर्षं मी झोपताना हेच तर रंगवत होते.

पण रविवारी घरून परत येताना विमानतळावर बॅगा तपासणारी बर्निस दिसली. अर्थसंकल्प अडला आणि सरकार बंद पडलं, तेव्हापासून तिला पगार नाही. तरी ती रोज येते, हातमोजे घालते, लोकांच्या शिव्या खाते. गावातल्या बायका तिच्यासाठी घरी भाजलेल्या जेवणाची, हॉटडिशची, भांडी काउंटरमागे ठेवून जातात, आणि त्यावर आपापल्या नावाच्या चिठ्ठ्या चिकटवतात, भांडं परत यावं म्हणून. बर्निसने माझी बॅग उघडली, बंद केली, आणि एवढंच म्हणाली, “तुमचं भांडण मिटलं की सांगा.” विधेयक पाडलं तर हे सगळं नाताळपर्यंत चालणार. आणि कार्व्हर्स बेंडच्या लोकांनी माझं काय वाकडं केलंय? तुझ्या बायकोने, ऑपलने, मला तिथेच पहिल्यांदा तळलेला मासा खाऊ घातला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी देणाऱ्यांतली मी नाही. मला चोरच हवा आहे.

तुला ठाऊक नसलेली एक गोष्ट आज सांगते. तू कधी विचारलं नाहीस, म्हणून राहिली.

चार वर्षांपूर्वी आर्डेनचे शेवटचे दिवस होते. मी तुला फोन केला. म्हटलं, मतदानाला येऊ शकत नाही, जोडी ठेवशील? तू म्हणालास, “हा काय प्रश्न झाला? तू त्याच्याजवळ बस.” मी बसले. आर्डेनला सिनेटचं कामकाज बघायची खोड होती, तुला माहीत आहे. लोक बेसबॉल बघतात, हा नावांची हजेरी ऐकायचा. तर खोलीत टीव्ही चालू होता. तुझं नाव पुकारलं गेलं.

तू उठून रीतीचं तेवढं बोलायचं होतंस. की माझी अमक्या राज्याच्या सदस्येशी जोडी आहे, ती हजर असती तर तिने विरोधात मत दिलं असतं, मला मोकळीक असती तर मी बाजूने दिलं असतं, म्हणून मी मत राखून ठेवतो. आपल्या दोघांना हे एकाच म्हाताऱ्या सदस्याने शिकवलं होतं. तू आरशासमोर पाठ केलं होतंस आणि आर्डेनने तुझ्या चुका काढल्या होत्या. आठवतं?

तू म्हणालास, बाजूने.

एका मताने ते विधेयक पास झालं. दवाखाना गेला. आर्डेनने डोळे मिटले आणि म्हणाला, “मार्लिस, आवाज कमी कर.” त्यानंतर तो दोन दिवस होता, पण त्याने तुझं नाव काढलं नाही. मी काढलं तेव्हा भिंतीकडे वळला. मरणाऱ्या माणसाजवळ बसायची सवलत तू मला दिलीस आणि तिचा मोबदला त्याच्याच डोळ्यांदेखत वसूल केलास. पक्षाने हात पिरगाळला, असं नंतर लिहिलंस. फुलांचं चक्र पाठवलंस. ते मी गोठ्यामागे टाकलं.

असो. तुझा प्रश्न होता, मी शब्द पाळीन का.

पाळीन. नेत्यांना मी नाही म्हणून सांगितलंय. जोडी म्हणजे जोडी. आपल्याला शिकवली तशीच ठेवीन, तीत काडीचं कमी नाही आणि काडीचं जास्त नाही. तू निर्धास्त होऊन पाठ कापून घे. आणि जमलं तर टीव्ही चालू ठेव.

मार्लिस


वॉशिंग्टन, १४ नोव्हेंबर

रॉयस,

ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं. आता तुझ्यासाठी दुपारची हकिगत लिहिते. पाहिली असशीलच, पण खोलीतून बघणं वेगळं आणि दालनात असणं वेगळं.

तुझा ड्वेन दाराशी उभा होता. मला आत येताना पाहिलं आणि त्याचा चेहरा पिठासारखा झाला. त्याने मला वाटेतच गाठलं. म्हणाला, मॅडम, तुम्हाला सर्दी होती ना? मी म्हटलं, मला सर्दी झाल्याचं तुझ्या साहेबांनी ठरवलं होतं, मी नाही. शब्द दिलाय ना तुम्ही, असं तो म्हणाला. त्याला वाटलं मी विरोधात मत टाकणार. आमच्या नेत्यांनाही तेच वाटलं, त्यांनी लांबून अंगठा वर केला. चार वर्षांत माझ्याकडे इतक्या डोळ्यांनी कुणी पाहिलं नव्हतं. मी गुडघ्यावर हात ठेवून बसले.

माझं नाव पुकारलं. मी उठले. आर्डेनने तुझ्या चुका काढल्या होत्या त्या सगळ्या टाळून, स्वच्छ आवाजात बोलले. रीतीप्रमाणे तुझं नाव घेतलं नाही, तुझ्या राज्याचं घेतलं.

“त्या राज्याच्या ज्येष्ठ सदस्यांशी माझी जोडी आहे. ते आज हजर असते, तर त्यांनी या विधेयकाच्या बाजूने मत दिलं असतं. मला मोकळीक असती, तर मी विरोधात दिलं असतं. म्हणून मी माझं मत राखून ठेवते.”

आणि खाली बसले.

आधी काहीच झालं नाही. तरुण सदस्य एकमेकांना विचारत होते, ही बाई काय बोलली. मग वरच्या गॅलरीत बसलेल्या एका म्हाताऱ्या बातमीदाराला उलगडलं. तो पळत सुटला. त्याच्यामागे बाकीचे पळाले. जोडीत गैरहजर माणसाची बाजू सांगावीच लागते, नाहीतर जोडी कसली? ही साधी गोष्ट तू कशी विसरलास रॉयस? मी सांगते कशी विसरलास. ते वाक्य बोलायची वेळ तुझ्यावर आली होती तेव्हा तू ते बोललाच नाहीस. जे बोललं नाही ते ध्यानात कुठून राहणार?

मतं सारखी पडली. उपराष्ट्राध्यक्षांनी बाजूने टाकलं. विधेयक पास झालं. तुझी भिंत झाली, माझा दवाखाना झाला, बर्निसचा पगार झाला. मी तुला दिलेला शब्द अक्षरन्‌अक्षर पाळला. माझ्याच पक्षाचे लोक आज माझ्याशी बोलत नाहीत, त्याचीही मला खंत नाही.

तुझ्या लोकांना मात्र तुझी बाजू कळली. ती तूच मला सांगितली होतीस. मी पदरचं काही घातलं नाही.

लवकर बरा हो. मनापासून म्हणते. मला तू धडधाकट हवा आहेस.

मार्लिस


वॉलबर्ग, ९ मे

रॉयस,

इथे अजून तलावावर बर्फाचे तुकडे तरंगतायत, आणि तुमच्याकडे म्हणे पक्षाच्या उमेदवारीच्या निवडणुकीचा उकाडा सुरू झालाय. तो ट्रक विकणारा पोरगा माझा आवाज गावोगाव वाजवतोय. रेडिओवर, टीव्हीवर, ट्रकच्या टपावरसुद्धा. ‘ते आज हजर असते तर त्यांनी बाजूने मत दिलं असतं.’ एवढंच वाक्य, पुन्हा पुन्हा. माझ्या पुतणीने ऐकवलं. मी स्वतःच्या आवाजावर कधी खूश नव्हते, पण हे बरं जमलंय.

तू सभांमधून सांगतोयस की मी खोटं बोलले. सांग. नदीला पूर आला आणि अर्धी उभी राहिलेली भिंत टिकली, त्या दिवशी तिच्यासमोर उभा राहून फोटोही काढलास. तो मी पाहिला. भिंतीपुढे उभं राहायचं आणि भिंतीला मत दिलं नसतं म्हणायचं, ही कसरत पाठीच्या ऑपरेशननंतर जपून कर.

आता मुद्द्याचं. वॉलबर्गचा दवाखाना येत्या शनिवारी सुरू होतोय. यंत्रं गोदामात धूळ खात पडली होती, ती पुसून लावली. दारावर आर्डेनचं नाव आहे. चर्चच्या तळघरात बायका बटाट्याच्या पोळ्या, लेफ्सा, लाटतायत, सगळं गाव येणार आहे. समारंभात मी चार शब्द बोलणार आहे. हा दवाखाना कुणी परत आणला ते नीट सांगणार आहे. तुझ्या राज्याचं नाव घेऊन, या वेळी तुझंही नाव घेऊन, तुझे जाहीर आभार मानणार आहे. विरोधी पक्षाच्या दवाखान्यासाठी, खर्चाच्या विधेयकात, स्वतःच्या हाताने कलम घालणारा उदार माणूस म्हणून. तुमच्याकडची मतमोजणी त्यानंतर तीन दिवसांनी आहे ना? तो ट्रकवाला आपला कॅमेरा घेऊन इथवर येतोय. मी त्याला बोलावलं नाही. नको असंही म्हटलं नाही.

तुला आमंत्रण आहे. येशील असं वाटत नाही.

ऑपल येतेय. काल तिचा फोन आला होता. चार वर्षांपूर्वी आर्डेनच्या अंत्यविधीला तुझं चक्र आलं, पण ती स्वतः आली होती, एकटी, पिकॅनचा केक घेऊन, आणि मागच्या बाकावर बसून तशीच निघून गेली होती. तेव्हा मी तिच्याशीही बोलले नव्हते. काल आम्ही बराच वेळ बोललो. मीच तिला विचारलं, त्या दुपारी हॉस्पिटलात टीव्ही चालू होता का.

ती म्हणाली, चालू होता. माझं बोलणं सुरू झालं तेव्हा तू उशीवरून मान उचललीस. संपलं तेव्हा तू म्हणालास, “ऑपल, आवाज कमी कर.”

आणि ऑपलने रिमोट उचलला, पर्समध्ये टाकला, आणि पर्सची चेन लावून तुझ्या शेजारी बसून राहिली.

तिची खुर्ची पहिल्या रांगेत ठेवली आहे.

मार्लिस